जिवाणूच्या पोटातले जांभळे दाणे

धाराशिव जिल्ह्यात एका रोमानियन शास्त्रज्ञाचे नाव दोन अगदी वेगळ्या ठिकाणी घेतले जाते. एक ठिकाण म्हणजे गोठा. भूम-वाशीकडे दुधावर आणि खव्यावर कितीतरी घरांचा संसार चालतो. संकरित गाईला सडकून ताप भरला, अंगावर गोचिडी दिसल्या आणि लघवी कॉफीसारखी तांबूस झाली, की पशुवैद्यक कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात आणि त्यात बबेसिया आहे का ते पाहतात. दुसरे ठिकाण म्हणजे महाविद्यालयाची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा. तिथे बी.एस्सी.चे विद्यार्थी जिवाणूंवर रंग चढवून त्यांच्या पोटातले गडद ठिपके शोधतात आणि वहीत त्यांचे नाव बेब्स-अर्न्स्ट ग्रॅन्यूल्स असे लिहितात. बबेसियातला बबेस आणि वहीतला बेब्स हा एकच माणूस. त्याच्या मायबोलीतला उच्चार मात्र बाबेश असा आहे. व्हिक्टर बाबेश.

बाबेश यांचा जन्म १८५४ साली व्हिएन्नात झाला. घराणे बनात प्रांतातले, रोमानियन भाषिक. त्या काळी हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वडील व्हिन्सेन्त्सिउ वकील आणि राजकारणी होते. साम्राज्यातल्या रोमानियन लोकांच्या हक्कांसाठी ते झगडत, आणि रोमानियन अकादमीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. घरात पुस्तके होती, वादविवाद होते, अनेक भाषांचा वावर होता. तरुण व्हिक्टरचा ओढा साहित्य आणि कलांकडे होता. बहीण अल्मा क्षयाने गेली आणि तो वैद्यकाकडे वळला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हा क्षयाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. कोख यांनी क्षयाचा जिवाणू दाखवला तो १८८२ मध्ये.

शिक्षण बुडापेस्ट आणि व्हिएन्नात झाले. डॉक्टर झाल्यावर बाबेश बुडापेस्टमध्ये विकृतिशास्त्र विभागात रुजू झाले. रोगाने मेलेल्या माणसाच्या अवयवांत काय बिघडले होते ते शोधायचे, हे या विभागाचे काम. पुढे शिष्यवृत्तीवर त्यांनी पॅरिस आणि बर्लिन गाठले. पाश्चर, कोख, फिर्खो अशा नावांचा दबदबा असलेला तो काळ होता. पॅरिसमध्ये व्हिक्टर कोर्निल या विकृतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी जिवाणू आणि संसर्गजन्य रोगांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तो १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जिवाणूशास्त्राच्या आरंभीच्या मोठ्या ग्रंथांत मोडतो. एका सूक्ष्मजीवाचे स्राव दुसऱ्याची वाढ रोखू शकतात आणि याचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल, हा विचारही त्या काळातल्या त्यांच्या लेखनात आहे. पेनिसिलिनला अजून चार दशके अवकाश होता. ग्रंथ आला तेव्हा बाबेश जेमतेम तिशी ओलांडत होते.

या पिढीचे खरे हत्यार सूक्ष्मदर्शकाइतकेच रंग हे होते. जिवाणू पारदर्शक असतो. भिंग कितीही चांगले असले तरी पाण्यात तरंगणाऱ्या काचेच्या तुकड्यासारखा तो नजरेतून निसटतो. जर्मनीतले रंगाचे कारखाने तेव्हा कोळशाच्या डांबरापासून कापडासाठी नवनवे रंग बनवत होते. त्यातला मिथिलीन ब्लू १८७६ मध्ये तयार झाला आणि लवकरच वैद्यकीय प्रयोगशाळांत पोचला. कापडाला लागणारा रंग जिवाणूलाही लागतो, हे कळल्यावर रोगजंतू शोधण्याच्या कामाला वेग आला. बहुतेकांना एवढेच पुरेसे होते: जिवाणू निळा झाला, दिसला, मोजला, झाले. बाबेश यांची नजर मात्र निळ्या कांडीच्या आत काय चालले आहे याकडे गेली.

घटसर्पाच्या जिवाणूंवर मिथिलीन ब्लू चढवला, की संपूर्ण पेशी सारखी निळी होत नाही. शरीर फिकट निळे राहते आणि टोकांशी, कधी मध्यावर, एक-दोन दाणे वेगळेच उठून दिसतात. विशेष म्हणजे ते नुसते गडद निळे नसतात, तर तांबूस-जांभळे दिसतात. रंग निळा ओतलेला, आणि दाणा जांभळा. रंगद्रव्याने आपला मूळ रंग बदलून दाखवण्याच्या या गुणाला मेटाक्रोमसी म्हणतात. बाबेश यांनी १८८० च्या दशकात हे दाणे टिपले. १८८९ मध्ये त्यांनी यावर एक जर्मन निबंध प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक फार सावध आहे. जिवाणूंमधले स्वतंत्रपणे रंगणारे भाग, इतकेच ते सांगते. हे भाग काय आहेत याचा दावा शीर्षकात नाही.

याच सुमारास पॉल अर्न्स्ट हा संशोधक डोळ्यात सापडणाऱ्या एका जिवाणूत असेच दाणे पाहत होता. ते बीजाणूंची सुरुवात असावेत किंवा पेशीचे केंद्रक असावे, असे त्याला वाटले. दोन्ही अंदाज चुकीचे निघाले. पण दाण्यांना नाव मिळाले ते दोघांचे. गंमत अशी की अर्न्स्टचा तो जिवाणू घटसर्पाच्या जिवाणूचा निरुपद्रवी चुलतभाऊ होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती.

घटसर्प हा शब्द आपल्याकडे दोन आजारांना वापरला जातो. गाई-म्हशींचा घटसर्प, ज्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेतात, तो वेगळ्याच जिवाणूमुळे होतो. इथे विषय आहे तो माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या घटसर्पाचा, म्हणजे डिप्थेरियाचा. घशात करडा-पांढरा पडदा धरतो, मान सुजते, श्वास कोंडतो. श्वासनलिका मोकळी राहिली तरी जिवाणूचे विष रक्तातून हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत जाते. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात या रोगाने एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन मुले एका आठवड्यात जात. एडविन क्लेब्स यांनी १८८३ मध्ये हा जिवाणू पडद्यात पाहिला. फ्रीडरिश लोफ्लर यांनी १८८४ मध्ये तो स्वतंत्रपणे वाढवून दाखवला. पण लोफ्लर यांना तो एका निरोगी मुलाच्या घशातही सापडला. शिवाय माणसाच्या घशात, नाकात आणि त्वचेवर अगदी तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी कांड्या भरपूर असतात. मग काचपट्टीवर कांड्या दिसल्या म्हणून मुलाला घटसर्प झाला असे म्हणायचे का? त्याला घरच्यांपासून वेगळे ठेवायचे का? शाळा बंद करायची का? नाही म्हटले आणि तो खरा घटसर्प निघाला, तर काय?

इथे बाबेश यांचे दाणे कामाला आले. घटसर्पाच्या जिवाणूत ते ठळक असतात. त्याच्या एका नेहमीच्या तोतयात, हॉफमनच्या जिवाणूत, ते जवळजवळ नसतातच. म्हणून दाणे अधिक स्पष्ट दिसतील अशा पद्धती शोधल्या गेल्या. माक्स नायसर यांनी १८९७ मध्ये दोन रंगांची पद्धत दिली. त्यात दाणे निळे-काळे दिसतात आणि बाकीची पेशी तपकिरी. पुढे १९२० च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट यांनी दुसरी पद्धत बसवली. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत आज शिकवली जाते ती बहुधा हीच.

अल्बर्टची पद्धत अवघड नाही. घशातला बोळा लोफ्लरच्या रक्तद्रव माध्यमावर फिरवायचा आणि नळी रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला उबवणी पेटीत ठेवायची. या माध्यमावर दाणे विशेष चांगले धरतात. सकाळी वाढीचा किंचित अंश काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वाळवायचा आणि ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून पक्का करायचा. त्यावर टोल्युइडीन ब्लू आणि मॅलकाइट ग्रीन यांचे आम्लयुक्त मिश्रण तीन ते पाच मिनिटे ठेवायचे. ते ओघळू द्यायचे आणि मिनिटभर आयोडिनचे द्रावण टाकायचे. धुऊन, टिपकागदाने टिपून, तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठे करून पाहायचे. कांड्या हिरव्या दिसतात. कोन करून, एकमेकींना टेकून पडलेल्या असतात, जणू कोणीतरी चिनी अक्षरे गिरवली आहेत. टोकांशी निळसर-काळे दाणे असतात. नवशिक्याचा हात मिश्रण जास्त वेळ ठेवण्यात चुकतो. मग सगळेच काळे होते आणि दाणा हरवतो. जाड पसरवलेल्या थरातही तेच होते. घटसर्पाचा जिवाणू हाताळण्याची गरज नसलेल्या वर्गात दह्यातल्या लांबट जिवाणूंवर हा सराव करता येतो, कारण त्यांच्यातही असे दाणे सापडतात.

बाबेश यांच्याकडे मात्र या सुटसुटीत कृती नव्हत्या, आणि एव्हाना त्यांचे आयुष्यही वेगळ्या वळणावर गेले होते. १८८७ मध्ये रोमानिया सरकारने त्यांना बुखारेस्टला बोलावले. नव्याने स्वतंत्र झालेल्या त्या देशात विकृतिशास्त्र आणि जिवाणूशास्त्राची संस्था उभारण्यासाठी खास कायदा करण्यात आला आणि तिची सूत्रे तेहतीस वर्षांच्या बाबेश यांच्या हाती आली. बुडापेस्टमधली प्राध्यापकी सोडून ते गेले. पॅरिस-बर्लिनच्या तुलनेत बुखारेस्ट म्हणजे आडगाव. पण इथल्या रोगांना वाट पाहायला वेळ नव्हता. पिसाळलेल्या कुत्र्यांचा आणि लांडग्यांचा उपद्रव मोठा होता. पाश्चर यांची रेबीजची लस १८८५ मध्ये आली होती आणि तीन वर्षांत बाबेश यांनी ती बुखारेस्टमध्ये द्यायला सुरुवात केली. पुढे रोगप्रतिकार निर्माण झालेल्या प्राण्याचे रक्तद्रव चावा घेतलेल्या माणसाला देण्याचे प्रयोगही त्यांनी केले. आज रेबीजच्या गंभीर चाव्यात जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचतात, त्याचे मूळ या कामाशी जाऊन भिडते.

१८८८ मध्ये रोमानियातल्या गुरांत रक्तमूत्राची साथ होती. जनावरे तांबडी लघवी करत आणि काही दिवसांत मरत. बाबेश यांनी त्यांच्या रक्ताचे नमुने रंगवून पाहिले आणि तांबड्या पेशींच्या आत गोलसर, कधी जोडीने बसलेले सूक्ष्मजीव त्यांना दिसले. त्यांनी त्यांना जिवाणू मानले. प्रत्यक्षात ते एकपेशीय परजीवी होते. पाच वर्षांनी अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवून दिले, की अशाच एका गुरांच्या तापाचा परजीवी गोचीड पसरवते. परजीवीला बबेसिया हे नाव मिळाले. दाण्यांप्रमाणेच इथेही बाबेश यांनी अचूक पाहिले आणि अर्थ लावला तो दुसऱ्यांनी. त्यांच्या थोरवीत याने उणे येत नाही. काचपट्टीवर नसलेल्या गोष्टी पाहणारे संशोधक त्या काळात ढिगाने होते. बाबेश यांनी काढलेली चित्रे मात्र टिकली.

१८९४ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत एमिल रू यांनी घटसर्पावरच्या रक्तद्रव उपचाराचे निकाल मांडले आणि युरोपभर घोड्यांपासून हे रक्तद्रव बनवण्याची धावपळ सुरू झाली. बाबेश यांच्या संस्थेनेही ते काम हाती घेतले. आता निदानाला आणखी वजन आले. आधी निदान झाले तरी हाती फारसे काही नव्हते. आता वेळेत ओळखलेल्या मुलाला वाचवता येत होते.

बाबेश यांची धडपड प्रयोगशाळेपुरती नव्हती. कुष्ठरोग, क्षय, शहराचे पाणी, खेड्यांतले आरोग्य या सगळ्यांवर त्यांनी लिहिले. रोमानियातल्या मका खाऊन जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना पेलाग्रा होई, आणि बाबेश यांनी त्याचाही अभ्यास केला. (हाच आजार दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर पोट भरणाऱ्या गरिबांतही आढळला. त्याचा शोध हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास घेतला.) पहिल्या महायुद्धानंतर काही काळ त्यांनी क्लुज विद्यापीठातही शिकवले. १९ ऑक्टोबर १९२६ रोजी बुखारेस्टमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांचा पुतण्या ऑरेल बाबेश याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पेशींच्या लेपावरून करता येते, हे बुखारेस्टच्या वैद्यांपुढे मांडले. जग ती चाचणी पापानिकोलाउ यांच्या नावाने ओळखते.

दाण्यांचे कोडे बाबेश यांच्या हयातीत सुटले नाही. १९०४ मध्ये आर्थर मेयर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या पदार्थाला व्होल्युटिन असे नाव दिले आणि त्याला ओळखण्याची एक साधी कसोटी सांगितली. मिथिलीन ब्लूने रंगवल्यावर एक टक्का गंधकाम्ल टाकायचे. पेशीचा रंग उतरतो, दाण्याचा उतरत नाही. तरीही दाण्यात काय आहे, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतरच आले. १९४० च्या दशकात विआम यांनी यीस्टमधल्या अशा दाण्यांत पॉलिफॉस्फेट असल्याचे दाखवले. हा एक पॉलिमर आहे. भवानीच्या भक्ताच्या गळ्यातल्या माळेत जशी कवडीला कवडी ओवलेली असते, तसा फॉस्फेटला फॉस्फेट जोडलेला, कधी काही डझन, कधी शेकडो. प्रत्येक फॉस्फेटवर ऋण भार असतो. निळ्या रंगाचे रेणू धनभारित असतात. ते माळेला चिकटून इतके दाटीवाटीने, एकावर एक बसतात, की प्रकाश शोषण्याची त्यांची रीतच बदलते आणि निळा जांभळा दिसू लागतो. बाबेश यांना दिसलेला रंगबदल म्हणजे ही दाटी होती.

जिवाणू ही माळ का साठवतो? वाढ थांबली पण फॉस्फेट मुबलक आहे, अशा वेळी तो ते गुंडाळून ठेवतो, आणि पुढे टंचाई आली की सोडवून वापरतो. मराठवाड्यातल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. साठवण फॉस्फेटचीच असते असेही नाही. मॉरिस लमुआन यांनी १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये एका मोठ्या जिवाणूत पीएचबी नावाचा कार्बनचा पॉलिमर शोधला. जैवविघटनशील प्लास्टिकच्या संशोधनात आज त्याला मोठी मागणी आहे. हे दाणे मेदासारखे असल्याने त्यांना टोल्युइडीन ब्लू लागत नाही, सुदान ब्लॅक लागतो. करडे-काळे दाणे आणि सॅफ्रनिनने गुलाबी झालेली पेशी, अशी ती काचपट्टी दिसते. एकाच जिवाणूचे दोन लेप करून एकावर अल्बर्ट आणि दुसऱ्यावर सुदान चढवला, तर कोठारात काय भरले आहे ते अर्ध्या तासात कळते.

दवाखान्यात मात्र बाबेश यांच्या दाण्यांना मर्यादा आहे, आणि ती जीवघेणी ठरू शकते. दाणे दिसले म्हणजे घटसर्पाचा संशय बळावतो, सिद्ध होत नाही, कारण काही निरुपद्रवी चुलतभावांतही ते असतात. उलट, दाणेदार खऱ्या घटसर्पाच्या जिवाणूंतही सगळेच विष बनवत नाहीत. विष बनते की नाही हे एलेक यांच्या १९४९ च्या चाचणीने किंवा आता पीसीआरच्या आधारे विषाचे जनुक शोधून पाहतात. यातल्या कशाचीही वाट न पाहता, घशातला पडदा आणि सुजलेली मान पाहून संशय आला की डॉक्टर प्रतिविष देतात. पेशीत शिरलेल्या विषावर ते चालत नाही, म्हणून उशीर परवडत नाही. बोळा आधी घेतला जातो, पण उपचार अहवालासाठी थांबत नाही. लसीकरणात ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांत डीपीटीचे बूस्टर आणि १० व १६ व्या वर्षी टीडी असे डोस आहेत. शेवटचे दोन शाळेच्या वयातले असल्याने तेच जास्त सुटतात.

नोबेल विजेते आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५० च्या दशकात पॉलिफॉस्फेट बनवणारे वितंचक जिवाणूत शोधले, आणि डीएनएवरच्या कामाने जगभर नाव झाल्यावर आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा या दुर्लक्षित रेणूकडे वळले. सांडपाण्यातून फॉस्फरस काढून घेणारे जिवाणू तपासताना नायसरचा रंग आजही वापरतात. काही प्रयोगशाळांत त्याऐवजी डॅपी हे चमकणारे रंगद्रव्य घेतात. ते डीएनएला चिकटले की निळे चमकते आणि पॉलिफॉस्फेटला चिकटले की पिवळसर-हिरवे. गेल्या वीसेक वर्षांत हीच माळ माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट्समध्येही सापडली आहे. जखम झाली की प्लेटलेट्स ती बाहेर टाकतात आणि रक्त गोठण्याला वेग येतो.